मेकॅनिकल फ्रेशर: पुण्यात ३.६ लाख की वाळूजमध्ये हातात १८ हजार? मदत हवी आहे

धाकटा भाऊ यंदा बीई मेकॅनिकल झाला. दोन ऑफर आहेत, येत्या सोमवारपर्यंत कळवायचंय.

पहिली पुण्यातल्या आयटी कंपनीची, सीटीसी (कंपनीचा माझ्या भावावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३.६ लाख. ऐकायला महिना ३० हजार. पण त्यातले वर्षाचे २४ हजार व्हेरिएबल, म्हणजे दरमहा हमखास न मिळणारे. बेसिक १५ हजार धरून त्याचा आणि कंपनीचा असा दोन्ही बाजूंचा पीएफ (१,८००-१,८००), ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर वजा केला तर माझ्या हिशोबाने महिना हातात साडेतेवीस हजारच येतात. वर दोन वर्षांचा बाँड, मोडल्यास एक लाख. जॉइनिंगची तारीख मात्र लेखी द्यायला तयार नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

दुसरी वाळूजच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर. हातात १८ हजार, कंपनीची बस, कँटीन, बाँड नाही. आम्ही संभाजीनगरचेच, त्यामुळे राहणं घरी.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला विचारलं, ते फक्त पॅकेजचा आकडा सांगतात. एमटेक सध्या शक्य नाही, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे. त्याला कोडिंग जमतं, पण ओढा मशीनकडेच.

वाळूज किंवा चाकणला ट्रेनी म्हणून लागलेल्यांनी कृपया सांगा: वर्षभराने कायम केल्यावर पगार प्रत्यक्षात कितीवर गेला?