‘जशास तसे दुरुस्ती’ आणि हेरिटेज इमारतींचे बाकीचे शब्द

बाहेरकोट:
फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. इमारत हेरिटेज यादीत आहे, श्रेणी २ ब. रस्त्याकडच्या खिडक्या आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा बदलायचा प्रस्ताव हेरिटेज समितीपुढे जायचा आहे. आर्किटेक्टची टिपणं इंग्रजीत आहेत आणि भाडेकरूंना वाटायचं मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. हातात आलेल्या कच्च्या मसुद्यात हे वाक्य आहे: “दर्शनी भागातील खिडक्यांची जशास तसे दुरुस्ती करण्यात येईल.” मूळ शब्द ‘लाइक फॉर लाइक’. खिडकीने आपल्याला काय केलं म्हणून आपण तिला जशास तसे वागवायचं?
तर चांगला शब्द सुचवा. शिवाय ‘फसाड’ला दर्शनी भागच म्हणायचं का, आणि ‘कन्झर्वेशन’ला जतन की संवर्धन, हेही सांगा.

पेठेतला:
‘मुळाबरहुकूम’. नकलेवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारायची जुनी रीत आहे, तीच इथे चालते. “खिडक्यांची मुळाबरहुकूम दुरुस्ती.” शब्द जरा कचेरीतला वाटेल, पण पत्रकही कचेरीतलंच आहे.

अर्जफाटे:
बरहुकूम हल्ली कुणाला कळतं? ‘होत्या तशाच खिडक्या बसवणार’ असं लिहून मोकळे व्हा.

चुनाघाणी:
‘होत्या तशाच’वर थोडं थांबतो, कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. मालक म्हणतात ‘तशीच खिडकी’, आणि त्यांच्या डोक्यात माप तेवढंच असतं. भोक तेवढंच, मग त्यात अ‍ॅल्युमिनियमची सरकती काच बसवली तरी त्यांच्या लेखी ‘तशीच’. समिती ‘तशीच’ म्हणते तेव्हा तिला माप, लाकूड, घडण आणि बसवायची जागा हे सगळं अभिप्रेत असतं.

एक जुनी खिडकी नीट बघा. सागवानी चौकट, दोन झडपा, एकेका झडपेत लहान लहान तावदानं, त्यांच्यामधल्या पट्ट्या बोटभर जाडीच्या. वर बऱ्याचदा उघडझाप होणारी झिलमिल, म्हणजे आडव्या तिरप्या पट्ट्यांची झडप. आणि मुख्य म्हणजे सगळी खिडकी भिंतीच्या जाडीत आत बसलेली. त्यामुळे बाहेरून बघताना प्रत्येक भोकात सावली दिसते, आणि रस्त्यावरून इमारत भारदस्त वाटते ती त्या सावलीने. सरकती खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेशी आणून बसवली की सावली जाते आणि सगळी भिंत एका पातळीत सपाट दिसते. माप एका इंचानेही बदललेलं नसतं, तरी इमारत ओळखू येत नाही.

म्हणून पत्रकात नुसतं ‘मुळाबरहुकूम’ लिहून भागणार नाही. ‘त्याच मापाच्या, त्याच लाकडाच्या, त्याच घडणीच्या आणि त्याच जागी’ असं सोडवून लिहा. शब्द वाढतील, वाद कमी होतील.

पेठेतला:
हे पटलं. बरहुकूम शीर्षकात ठेवा, फोड खाली द्या.

बाहेरकोट:
आभार, चुनाघाणी. समिती स्वतः कोणता शब्द वापरते? नियमात काही आहे का?

चुनाघाणी:
मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ची. विकास नियंत्रण नियमावलीतला तेव्हाचा ६७वा नियम. शहरासाठी असा कायदा करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. इमारतींच्या श्रेणी १, २ अ, २ ब आणि ३, शिवाय एकेक इमारत न मोजता सगळा भाग धरून केलेले परिसर. श्रेणी १ मध्ये आतबाहेर हात लावायचा नाही. इमारत मजबूत करायला, तिचं आयुष्य वाढवायला लागेल तेवढंच करायचं, आणि तेही मुळाला धरून. म्हणजे पेठेतल्यांचा बरहुकूम नियमातच बसलाय म्हणा. २ अ मध्ये आतले बदल चालतात, पण कडक छाननी होऊन. तुमच्या २ ब मध्ये त्यापुढे जाऊन त्याच आवारात वाढीव बांधकामसुद्धा काही वेळा चालतं. मात्र ते मूळ इमारतीशी जुळलं पाहिजे, विशेषतः उंचीला आणि दर्शनी बाजूला. ३ मध्ये आतबाहेर दोन्हीकडे बदलाला बरीच मोकळीक.
आणि समिती परवानगी ‘देते’ असं लिहू नका. ती सल्ला देते, निर्णय पालिका आयुक्तांचा. भाडेकरूंपैकी एखादे वकील असतीलच, ते बरोबर तेवढंच पकडतील.

अर्जफाटे:
फोर्टात प्रत्येक मजल्यावर एक तरी असतात.

बाहेरकोट:
आमच्या मजल्यावर तीन आहेत.
मग ‘डिझाइन रिव्ह्यू’ला काय म्हणू? मसुद्यात ‘आराखड्याचा आढावा’ आहे.

पेठेतला:
आढावा पाऊसपाण्याचा आणि कामाच्या प्रगतीचा घेतात. झालेल्या किंवा चालू गोष्टीवर नजर फिरवणं म्हणजे आढावा. इथे काम अजून व्हायचंय आणि त्यात खोट काढायचीय. ‘छाननी’च हवं. अर्जांची छाननी, तशीच नकाशांची छाननी.

मांडवीकाठ:
दर्शनी भागावर कुणीच बोललं नाही. आमच्या पणजीत जुन्या घरांच्या पुढे बसायला बाकं असलेला ओटा असतो, त्याला आम्ही बाल्कांव म्हणतो. मराठी बातम्यांत त्याचीही ‘दर्शनी भाग’ म्हणून बोळवण होते. दर्शनी भाग म्हणजे भिंत की भिंतीपुढचं सगळं?

बाहेरकोट:
चांगला प्रश्न. आमचा कठडा भिंतीच्या पुढे आलेला आहे. तो दर्शनी भागात धरायचा की नाही?

पेठेतला:
‘दर्शनी’ म्हणजे बघताक्षणी समोर येणारं. दर्शनी हुंडी दाखवल्याबरोबर पैसे देते, तोच हा दर्शनी. त्या न्यायाने रस्त्यावरून जे दिसतं ते सगळं दर्शनी: भिंत, गॅलरी, कठडा, छज्जा, छपराची कड, पाटीसुद्धा.
जुना शब्द आहे ‘मोहरा’. ‘पूर्वेच्या मोहऱ्याचं घर’ म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेलं. पण मोहरा दिशा सांगतो, भिंतीवरची नक्षी सांगत नाही. पत्रकात नको. आणि कुणी ‘मुखडा’ सुचवायच्या आत सांगतो, तो गाण्याला राहू दे.

चुनाघाणी:
समितीपुढेही हिशेब तोच असतो, रस्त्यावरून दिसतं ते मोजायचं. म्हणून एसीची बाहेरची पेटी, तिचा लोंबणारा पाइप, पावसाळी शेड, निळी ताडपत्री या सगळ्यांवर बोलणं होतं. भाडेकरूंना वाटतं, आम्ही भिंतीला हातही लावला नाही. हात लावला नसेल, पण ती झाकून टाकली ना.

अर्जफाटे:
पाटीचं काढलंत म्हणून. खाली दुकानं असतील तर पाट्यांचंही लिहा. आता मराठी पाटीचा नियम आहे, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. कायद्यातली दुरुस्ती २०२२ची, आणि २०२३च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिने दिले होते. पुष्कळांनी मग पाटीच दुप्पट मोठी केली, आणि कमान गेली पाटीमागे.

चुनाघाणी:
आणि तसं करायची काही गरज नव्हती. नियम अक्षरांच्या तुलनेचा आहे, पाटीच्या आकाराचा नाही. इंग्रजी अक्षरं लहान करा, मराठी त्यांच्या बरोबरीची किंवा मोठी ठेवा, पाटी कमानीच्या आतच राहते.
दादाभाई नौरोजी रोडचं उदाहरण आहेच. त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कमानी आणि कमानींच्या आतून पादचाऱ्यांची वाट. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पाट्या, दिवे, बाकं सगळ्यांची एक शिस्त ठरवली गेली. पाटी कमानीत बसवायची, खांबावर आणि नक्षीवर नाही. सांगायला सोपं आहे. पण पाटी उतरल्यावर मागे दगडात ठोकलेले खिळे, वायरी आणि ऑइलपेंटचे थर निघाले की कळतं, तो दगड किती वर्षं कुणी पाहिलेला नव्हता.

मांडवीकाठ:
‘आर्केड’ला मराठी शब्द? ‘कमानओळ’ कसं वाटतं?

पेठेतला:
वाटतं बरं, म्हणत कुणी नाही. “पावसात कमानीखालून चला” म्हणतात. तेवढ्यावर काम भागतंय.

बाहेरकोट:
आता जतन की संवर्धन?

पेठेतला:
संवर्धन म्हणजे वाढवणं. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन. इमारत वाढवायचीच तर तिला बिल्डर पुरे. मी ‘जतन’च्या बाजूचा. सरकारी कागदात कधी ‘वारसा संवर्धन’, कधी ‘पुरातन वास्तू जतन’, बातमीत थेट ‘हेरिटेज कमिटी’. भाडेकरूंना शेवटचंच कळेल.

चुनाघाणी:
तत्त्वाने जतन बरोबर, पण व्यवहारात त्याची एक पंचाईत आहे. जतन म्हणजे कपाटात ठेवून कुलूप, असा अर्थ लोक घेतात. चालू ऑफिसच्या इमारतीत रोज वायरिंग, संडास, लिफ्ट यांची कामं निघतात. ती करूनही इमारत तीच राहिली पाहिजे, हे ‘जतन’मधून ऐकू येत नाही. मी लोकांशी बोलताना ‘राखणे’ म्हणतो. राखलेलं शेत आपण खातोही आणि सांभाळतोही.
त्याहून जास्त जपून वापरायचे शब्द हे: डागडुजी, दुरुस्ती, पुनर्बांधणी, जीर्णोद्धार. डागडुजी म्हणजे गळतंय तिथे बुजवलं. दुरुस्ती त्याहून मोठी, पण इमारत तीच. पुनर्बांधणी म्हणजे पाडून नवी. फोर्टातल्या, गिरगावातल्या पुष्कळ इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती, आणि त्यांच्यासाठी म्हाडाच्या मंडळाचं नावच ‘इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’. दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पाटीवर शेजारी शेजारी. त्यामुळे पागडीचा भाडेकरू ‘दुरुस्ती’ वाचतो तेव्हा त्याला पुढचा शब्दही ऐकू येतो: आता आपल्याला बाहेर काढणार. पत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘कुणालाही जागा सोडावी लागणार नाही’ असं लिहा, ते खरं असेल तर.

बाहेरकोट:
खरं आहे. हे लक्षात आलंच नसतं.

अर्जफाटे:
आणि जीर्णोद्धार?

पेठेतला:
तो देवळांचा. पुष्कळदा जीर्णोद्धार म्हणजे जुन्या दगडी देवळाला ग्रॅनाइटच्या फरश्या आणि ऑइलपेंट. शब्द सुंदर, करणी भयंकर. टाळा.

मांडवीकाठ:
पुढची भिंत तेवढी ठेवून मागे टॉवर उभा करतात, त्याला काय म्हणायचं?

चुनाघाणी:
आम्ही साइटवर ‘मुखवटा’ म्हणतो. अर्जात ‘दर्शनी भागाचे जतन’ असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. जिना, लाकडी तुळया, आतला चौक, सगळं गेलेलं असतं. माझ्या मते छाननीतला सगळ्यात फसवा शब्दप्रयोग हाच आहे, ‘जशास तसे’पेक्षाही. ‘जशास तसे’ला निदान लोक हसतात.

बाहेरकोट:
कठड्याचं राहिलं. टिपणात ‘कास्ट आयर्न’ आहे, मसुद्यात ‘ओतीव लोखंडी कठडा’.

पेठेतला:
बीड! बिडाचा तवा घरोघरी आहे आणि आपण ‘ओतीव लोखंड’ लिहितो. “बिडाचा कठडा.” दोन शब्दांत काम झालं.

चुनाघाणी:
अगदी. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, हल्लीचं एस्प्लनेड मॅन्शन, तिचा सांगाडा बिडाचा. इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला. १८९६च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली गेली.
बीड वाकत नाही, तुटतं. म्हणून बिडाच्या कठड्याचा तुटलेला तुकडा वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. शाबूत तुकड्यावरून साचा करून नवा ओतून घ्यायचा. लोखंडी पट्टी वाकवून केलेली नक्षी लांबून सारखी दिसते, जवळून लगेच कळते. फुलाच्या पाकळीला जाडीच नसते.
आणि खिडक्या काढताना भोवतीच्या दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, उघड्या पडतील. त्या सिमेंटने भरू देऊ नका. चुना मऊ असतो, भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो. सिमेंट चुन्याहून कडक, त्यात ओलावा अडतो, तो दगडातून वाट काढतो आणि दोनचार पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. पत्रकात “दर्जा चुन्यानेच भरणार” हे एक वाक्य असू दे.

अर्जफाटे:
ते वाचून कुणीतरी विचारणार, श्रेणी २ ब चा दर्जा चुन्याने कसा भरतात.

चुनाघाणी:
म्हणून श्रेणीला श्रेणीच म्हणा आणि दर्जा गवंड्याला सोडा. ‘दगडांमधल्या दर्जा’ लिहिलंत की झालं.

बाहेरकोट:
हा नवा मसुदा:
“कुणालाही जागा सोडावी लागणार नाही. रस्त्याकडच्या खिडक्यांची मुळाबरहुकूम दुरुस्ती करण्यात येईल, म्हणजे नव्या झडपा त्याच मापाच्या, सागवानी, त्याच घडणीच्या असतील आणि भिंतीत त्याच जागी बसतील. बिडाच्या कठड्याचे तुटलेले भाग साच्यावरून नवे ओतून बसवण्यात येतील. दगडांमधल्या दर्जा चुन्याने भरण्यात येतील. हेरिटेज समितीकडून नकाशांची छाननी झाल्यावर आणि महापालिकेची मंजुरी मिळाल्यावर काम सुरू होईल.”

पेठेतला:
छान. फक्त ‘करण्यात येईल, बसवण्यात येतील’ काढा. कोण करणार ते लिहा: मालक, म्हाडा की भाडेकरू वर्गणी काढून? लोक खिडकीच्या आधी तेच विचारतील.

बाहेरकोट:
मालक करणार. वर्गणीचं बोलणं चालू आहे, त्याचं पत्रक वेगळं काढतो.

अर्जफाटे:
त्यात ‘ऐच्छिक’ शब्द असेल तर नवा धागा काढा.