मदत हवी आहे : टाइप समान, तरीही हॅशकोड वेगळा

मांडवीकाठ : नमस्कार. रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारे अ‍ॅप मी जावामध्ये लिहीत आहे. ‘लिस्ट<फेरी>’ या जेनेरिक टाइपचा (म्हणजे फेऱ्यांची यादी या प्रकाराचा) हॅशकोड, म्हणजे त्यावरून काढलेला ओळखीचा आकडा, लॅपटॉपवर एक येतो आणि फोनवर दुसराच. नोंदी मी त्याच आकड्याने शोधतो, त्यामुळे लॅपटॉपवर सापडणारी नोंद फोनवर ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) येते. काल रात्री दोनदा वीज गेली, तिसऱ्यांदा माझा धीर गेला. कृपया लवकर उपाय सांगावा.

जुनाच_प्रोग्रॅमर : हा टाइप जावाने तयार केला आहे की एखाद्या लायब्ररीने? अशा टाइपसाठी जावात असलेल्या ‘पॅरामीटराइज्डटाइप’च्या दस्तऐवजात इक्वल्स (दोन टाइप समान आहेत का हे तपासणारी क्रिया) कसे असावे एवढेच सांगितले आहे, हॅशकोडचे सूत्र दिलेले नाही, त्यामुळे ज्याची त्याची घडण वेगळी असू शकते.

सुकी_सुंगटां : हे पटत नाही. इक्वल्स खरे असेल तर हॅशकोड समानच हवा, हा जावातील सर्व क्लासचे मूळ असलेल्या ऑब्जेक्ट क्लासचा नियम आहे. दोष लायब्ररीचाच. मी कॉटलिन या दुसऱ्या भाषेकडे वळलो आणि सुटलो.

भरती_ओहोटी : हॅशमॅप (हॅशकोडच्या आधारे नोंदी ठेवणारा जावाचा तक्ता) नोंदींचा क्रम राखत नाही. क्रम राखणारा लिंक्डहॅशमॅप वापरावा.

जुनाच_प्रोग्रॅमर : क्रमाविषयी कोणी विचारलेले नाही. सुंगटां, नियम मान्य आहे, परंतु तो एका चालू प्रोग्रॅमपुरता आहे. पुढच्या वेळी तोच आकडा येईल अशी हमी तिथे नाही, आणि कॉटलिनही त्याच फोनवर चालते. मांडवीकाठ, फोनवरचा मॅप नव्याने भरला जातो की फाइलमधून येतो?

मांडवीकाठ : लॅपटॉपवर तयार केलेली एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइल अ‍ॅपसोबत जाते आणि तिच्यात हॅशकोड हीच की (नोंद शोधण्याची खूण) आहे. हे वेगळे सांगावे असे वाटले नव्हते. पण लॅपटॉपवर रोज तोच आकडा येतो!

जुनाच_प्रोग्रॅमर : तिथेच फसगत झाली. ‘क्लास’ला स्वतःचा हॅशकोड नसतो, तो ऑब्जेक्टच्या ओळखीवरून मिळतो आणि टाइपच्या हॅशकोडमध्ये मिसळतो. लॅपटॉपवर जावा चालवणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये हा आकडा ठरावीक बीजापासून (सुरुवातीच्या आकड्यापासून) निघत असल्याने साधा प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी बहुधा तोच येतो, आणि माणूस त्यावर विसंबतो. हॅशकोड फाइलमध्ये कधीही साठवू नये.

सुकी_सुंगटां : मग टाइपच्या नावाचा, म्हणजे स्ट्रिंगचा (अक्षरांच्या ओळीचा) हॅशकोड साठवावा. त्याचे ३१ ने गुणण्याचे सूत्र दस्तऐवजातच आहे, ते सर्वत्र सारखे चालते.

जुनाच_प्रोग्रॅमर : सूत्र सारखे आहे, पण मोठा ‘ए’ व लहान ‘ए’ मिळून झालेली स्ट्रिंग आणि दोन मोठे ‘बी’ मिळून झालेली स्ट्रिंग, दोघींचाही हॅशकोड २११२ येतो, म्हणजे दोन वेगळ्या नावांची की एकच होऊ शकते. शिवाय रिलीज बिल्डमध्ये (वापरकर्त्यांना द्यायच्या आवृत्तीत) कोड लहान करणारे आर८ हे साधन क्लासचे नावच बदलून टाकू शकते. ‘फेरी-यादी’ अशी की हाताने लिहावी आणि ती स्ट्रिंग जशीच्या तशी साठवावी.

मांडवीकाठ : तसे केले, फोनवर नोंद सापडली. आभारी आहे.

भरती_ओहोटी : आता फेऱ्या वेळेच्या क्रमाने दिसत आहेत का? नसल्यास लिंक्डहॅशमॅप.