ईईजीची रेषा तरंगते आणि ५० हर्ट्झ जात नाही, काय करू?

प्रश्न: सोलापुरात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लहरींचा आलेख, काढतो. मे महिना, ४२-४३ डिग्री, पेशंट अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीनं घामाघूम येतात, डोक्याला चपचपीत तेल, मग रेषा वरखाली तरंगते आणि वर ५० हर्ट्झची, म्हणजे लाईटच्या विजेची, जाड पट्टी. काल एका लेकराचं तीनदा घ्यावं लागलं, आई रडवेली झाली हो. सरळ नॉच फिल्टर (तेवढेच ५० हर्ट्झ गाळणारा) लावू का?

उत्तर: दादा, नॉच शेवटी. आधी इंपीडन्स (इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला लावायच्या चकत्या, आणि त्वचा यांच्यामधला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणा आणि सगळ्या इलेक्ट्रोडचा जवळपास सारखा ठेवा, एकाचाच २० किलोओमवर राहिला तरी मेन्सचा (लाईटच्या विजेचा) गोंगाट तिथूनच घुसतो. मेंदूचा सिग्नल जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट, त्यात तेलाचा थर. आदल्या रात्री डोकं धुवून या, तेल लावू नका, हे नंबर देतानाच सांगा. भांग पाडून स्क्रब जेल कापसाच्या काडीनं हलकं चोळा, मगच पेस्ट.

दुसरं उत्तर: तरंगणं घामाचं असतं, फार संथ. पेशंटला अर्धा तास गार खोलीत बसवा. कूलर, मोबाईलचा चार्जर लांब, वायरी एकत्र पिळून घ्या, अर्थिंग तपासा.

प्रश्नकर्ता: अर्थिंगची वायरच बोर्डात सैल होती! घट्ट केली, लेकराला परत बोलावलं, डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा (डोळे मिटून शांत बसल्यावर दिसणारी मेंदूची लय) स्वच्छ दिसला.