सातवीनंतर भाचीची शाळा सुटतेय, सुरगाणा-पेठ भागातलं कुणी आहे का इथं?

डोंगरपाडा:
नमस्कार मंडळी. भाची यंदा सातवी पास झाली. सुरगाणा तालुक्यातला पाडा आहे, गावची झेडपी शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल अकरा किलोमीटरवर, मधे घाट. एसटी फाट्यावर येते तेव्हा तिकडं पहिला तास सुरू झालेला असतो, आणि शाळा सुटल्यावर परतीच्या गाडीला दोन तास. बहीण म्हणते एवढा वेळ पोरीनं स्टँडवर कुठं बसायचं, तिचंही बरोबरच आहे. वर ऑक्टोबरात सगळं घर द्राक्षाच्या छाटणीला निफाडकडं जातं आणि धाकट्या दोघांना बांधावर सांभाळायला हीच. पोरगी लय हुशार हो, गेल्या सीझनला अख्ख्या टोळीची हजेरी तिनंच वहीत मांडली, मुकादमाच्या हिशोबात चार रोज कमी धरलेले ते तिनंच दाखवून दिले. तिला घरी बसवायचं म्हणजे जीव तुटतो. काय करता येईल?

लालपरी_प्रेमी:
दादा, मानव विकासची (मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमातली) निळी एसटी बस मागा. मानव विकासच्या 125 तालुक्यांत या गाड्या खास मुलींच्या शाळेसाठीच दिल्यात, बारावीपर्यंत तिकीट नाही, त्यामुळे टायमिंग शाळेचंच पाहिजे. हायस्कूलच्या हेडमास्तरांचं पत्र, आजूबाजूच्या पाड्यांतल्या मुलींची नावं आणि ग्रामसभेचा ठराव असं एकत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. एकट्या मुलीसाठी कुणी रूट बदलत नाही, दहा-बारा नावं असली की ऐकतात. पोच घ्या मात्र.

सह्याद्री_९०:
सायकल पण मिळते ना आठवीपासून? बिहारने 2006 ला नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले, हायस्कूलला जाणाऱ्या मुली खूप वाढल्या.

बाई_आश्रमशाळा:
बिहार सपाट आहे हो. इथं घाटात पावसात सायकल ढकलत न्यायची का पोरीनं? आणि आपल्याकडची योजना पाच किलोमीटरच्या आतल्यांनाच आहे. दादा, बस झाली तरी ऑक्टोबरचं काय? माझ्या मते खरी गळती तिथंच होते, पोरी दिवाळीआधी जातात आणि मार्चला परत येतात तोवर परीक्षा तोंडावर. आदिवासी विकासचं मुलींचं वसतिगृह किंवा शासकीय आश्रमशाळा बघा, सुरगाण्याला कळवणचं प्रकल्प कार्यालय लागतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांगा असतात. ताईंना आधी स्वतः तिथं घेऊन जा, संडासला कडी आहे का, रात्री बाई मुक्कामी असते का, तिथल्या पोरींनाच विचारू द्या. आया नुसत्या सांगण्यावर पोरी पाठवत नाहीत आणि पाठवूही नये.

डोंगरपाडा:
बाई, धन्यवाद. पण धाकट्यांचं काय, दाजी तिथंच अडतात.

बाई_आश्रमशाळा:
धाकटी शाळेच्या वयाची आहेत ना? मग गावातच आजीजवळ ठेवा. मुख्याध्यापकांकडं हंगामी वसतिगृहाची मागणी करा, स्थलांतराला जाणाऱ्यांची मुलं मागं राहावीत म्हणूनच ती योजना आहे, पोरांच्या जेवणाची सोय होते. आणि न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, निफाडकडच्या झेडपी शाळेत त्यावर बसवून घेतात. धाकटी शाळेत बसली की मोठीला बांधावर थांबायचं कारणच उरत नाही, दाजींना हे असंच सांगा. आणि ती हजेरीची वही दाखवा त्यांना, चार रोजाचे पैसे कुणामुळं मिळाले विचारा.