हत्यारे टिकाऊ हवीत, की इंजिनात हात शिरायला जागा हवी?

सरळरेघ : इंजिनाचे काम अडले की आपण हत्यारांना नावे ठेवतो, हे मला पटत नाही. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा चांगला रिंग पाना घरगुती वापरात सहसा झिजत नाही. बदलले आहे ते इंजिन. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्पार्क प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी देणारे) बॉनेट उघडताच समोर असत, तर आडव्या बसवलेल्या अनेक व्ही-६ (दोन रांगांत तीन-तीन सिलिंडरच्या) इंजिनांत मागच्या रांगेतील प्लगसाठी आधी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवावे लागते. तिथे महागडा संच काय कामाचा?

गंजका बोल्ट : असहमत. जागा अपुरी असली की हत्याराचा कस लागतो. २४ दातांच्या रॅचेटला (मागे-पुढे हलवत एकाच दिशेने बोल्ट फिरवणाऱ्या दातेरी मुठीला) पुढचा दात पकडण्यासाठी १५ अंश फिरावे लागते, ७२ दातांच्या रॅचेटला केवळ ५. मात्र दात जितके बारीक, तितके पोलाद आणि घडण उत्तम हवी, अन्यथा जोर लावताच ते निसटतात. शिवाय सैल बसणाऱ्या पान्याने गंजलेल्या बोल्टचे डोके एकदा घासले गेले की पुढचे काम ड्रिलचे. म्हणून अशा बोल्टवर बाराकोनी नव्हे, षट्कोनी सॉकेटच (बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी) लावावे.

सरळरेघ : षट्कोनी सॉकेटचे मान्य. पण बारीक दातांची रॅचेट विकत घेण्याची वेळ इंजिनाच्या रचनेमुळेच आली ना? आराखडा करणाऱ्याने वाचवलेल्या जागेची किंमत दुरुस्ती करणाऱ्याने का मोजावी?

तिसरा दात : आपण दोघेही टिकाऊपणा म्हणजे 'न तुटणे' असे धरून चालला आहात. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळता यावे म्हणून जोर मोजणारा) दिसायला वर्षानुवर्षे धडधाकट राहतो, तरी त्याचे माप सरकू शकते. आयएसओ ६७८९ या मानकानुसार वापरकर्त्याची स्वतःची कार्यपद्धती नसेल, तर १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यायचा असतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये प्लग जास्त आवळला, तर पाना शाबूत राहतो आणि आटे जातात.

गंजका बोल्ट : मुद्दा रास्त आहे, परंतु तो आवळण्याचा झाला. मी सोडवण्याविषयी बोलत होतो, आणि तिथे माप नव्हे, पकड लागते.

सरळरेघ : पकड कितीही घट्ट असो, पाना आधी बोल्टपर्यंत पोहोचायला हवा.