पुण्याहून आणलेला घोडा खोकतोय, ताप नाही. पेनिसिलिन सुरू करायचं का?

राऊ_तबेला:
तीन वर्षांचा थरोब्रेड, ट्रकने इंदूरला आणलाय. दौड सुरू होताना दोन-तीनदा खोकतो, काम झाल्यावर नाकातून पांढरट शेंबूड. ताप १००.४, दाणा नीट खातो. मोतद्दार म्हणतो, कोर्स करून टाका.

अश्ववैद्य_महू:
एवढ्यावर कोर्स नको. आधी दुर्बिणीने श्वासनलिका बघून घ्या, तीही कामानंतर अर्ध्या ते दीड तासात. विश्रांतीतल्या घोड्यात कफ दिसेलच असं नाही. कफ किती आहे त्यावरून ० ते ५ अशी प्रत देतात, २ किंवा जास्त असेल तर श्वासनलिकेचं धुवण घ्या. २० मिली निर्जंतुक सलाइन आत सोडून परत ओढायचं. अर्धं ईडीटीएच्या (गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत पेशी तपासायला, अर्धं साध्या निर्जंतुक नळीत कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, बर्फावर ठेवून त्याच दिवशी लॅबला.

रिपोर्टमध्ये नुसतं जंतूचं नाव वाचू नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि जंतू त्यांच्या पोटात दिसले, तर संसर्ग खरा. या वयात बहुधा स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस सापडतो, त्यावर पेनिसिलिन चालतं. एकटा स्यूडोमोनास हा जंतू आला तर आधी दुर्बिणीची नळीच अस्वच्छ असल्याचा संशय घ्या. आणि प्रोकेन पेनिसिलिनमधलं प्रोकेन (बधिर करणारं औषध) डोप टेस्टमध्ये सापडतं, बऱ्याच दिवसांनीसुद्धा. घोडा परत शर्यतीत उतरवायचा असेल तर हे आधी बोलून घ्या.

बडोदा_अस्तबल:
ट्रकमध्ये डोकं वर बांधलं होतं का? मान खाली जात नाही तोवर कफ उतरत नाही, आणि सहा-बारा तासांत श्वासनलिकेत जंतू वाढतात. पुढच्या वेळी दर चार तासांनी थांबून मान खाली सोडू द्या.

राऊ_तबेला:
हो, बांधलेलंच होतं. इथे जाळीत सुकं गवत आणि खाली गव्हाचा भुसा आहे.

बडोदा_अस्तबल:
मग जाळी काढा, चारा जमिनीवर द्या. गवत दहा मिनिटं पाण्यात बुडवा आणि ओलं असतानाच खाऊ घाला. इंदूरच्या उन्हात तासन्‌तास भिजत ठेवलंत तर आंबेल. झाडलोट घोडा बाहेर असतानाच. शेजारच्या ठाणातला भुसाही बदलावा लागतो, हे कुणी करत नाही. मुताचा वास डोळ्यांत झोंबत असेल तर धूळ कमी करून भागणार नाही.

अश्ववैद्य_महू:
ताप सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. १०१.५ च्या वर गेला, श्वासाला दुर्गंधी आली किंवा छातीला हात लावू देईना, तर प्लुरोन्यूमोनिया (फुप्फुस आणि त्याच्या आवरणाचा संसर्ग) समजून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. जबड्याखाली गाठ आली तर स्ट्रँगल्स, हा घोड्यांत पसरणारा संसर्ग. घोडा वेगळा बांधा, बादलीही वेगळी. नाकातून चिकट, रक्तमिश्रित स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या जंतूजन्य रोगाची शंका. तो माणसालाही होतो. हातमोजे घाला, औषध देऊ नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.