‘ई’पासून सुरू होणारा क्रमांक: ही जुनी स्ट्रॅट अमेरिकन की जपानी?

सहावी_तार
नमस्कार मंडळी. एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट), म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घेण्याचं चाललंय. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार ती १९८४ ची अमेरिकन फेंडर. हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) नाव आहे, क्रमांक ‘ई’ आणि पुढे सहा आकडे, त्यातला पहिला ४. घोळ असा की हा क्रमांक अमेरिकन यादीत बसतो आणि जपानी यादीतही. देशाचं नाव कुठेच दिसत नाही. नेक (तारांखालची लांब पट्टी) बॉडीला धरणारी नेक प्लेट चार स्क्रूंची, कोरी. बॉडी काळी, तीन नॉब, तिरकी जॅक प्लेट (वायर खुपसायची जागा). उघडून बघायला त्याची ना नाही, पण एकदाच, त्याच्यासमोर. काय उघडू, कुठल्या क्रमाने, आणि निर्णय कशावर घेऊ?

डाखवाला
क्रमांक बाजूला ठेवा, तो तुम्हाला इथे काहीच सांगणार नाही. अमेरिकेत ‘ई’ म्हणजे ऐंशीचं दशक, त्यामागचा आकडा वर्षाचा, मग पाच आकडे. जपानमध्ये १९८४ ते १९८७ या काळात ‘ई’ आणि सहा आकडे वापरले, पण तिथे पहिला आकडा वर्ष सांगत नाही. लिहून काढलं की दोन्ही हुबेहूब सारखे. त्यात भर म्हणजे १९८५ मध्ये फेंडरचे अध्यक्ष बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मालक सीबीएसकडून कंपनी घेतली तेव्हा कॅलिफोर्नियातला फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. कॅलिफोर्नियातल्याच कोरोना शहरात नवा कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरचा बहुतेक माल जपानमधून येत होता, आणि अमेरिकेत ‘ई४’ छापाचे क्रमांक १९८४ नंतरही वापरात राहिले. म्हणजे खरी अमेरिकन असली तरी ‘१९८४’ हे पक्कं नाही.

आता न उघडता काय कळतं ते बघा. त्या काळात अमेरिकेत ‘ई४’ क्रमांकाच्या नेहमीच्या स्ट्रॅट फार प्रकारच्या निघाल्याच नाहीत. पहिली १९८३-८४ ची स्टँडर्ड: दोनच नॉब, जॅक थेट पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर), तिरकी प्लेट नाहीच. दुसरी एलिट: पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) निवडायला पाच-मार्गी स्विचऐवजी दाबायची बटणं. तिसरी १९८७ मध्ये आलेली अमेरिकन स्टँडर्ड: तीन नॉब, तिरकी जॅक प्लेट, २२ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आणि ट्रेमोलो (तारांचा हलता ब्रिज) दोन खांबांवर टेकलेला. १९५७ आणि १९६२ च्या व्हिंटेज प्रतिकृतींचा क्रमांक ‘व्ही’पासून सुरू होतो आणि तो नेक प्लेटवर असतो, हेडस्टॉकवर नाही.

तुमच्या वर्णनाने पहिली गेली. बटणं नसतील तर दुसरी गेली. उरली तिसरी. म्हणून फ्रेट मोजा आणि ब्रिजच्या पुढचे स्क्रू मोजा. २१ फ्रेट आणि सहा स्क्रू निघाले तर अमेरिकेचा दावा तिथेच संपला, निदान त्या नेकपुरता. ‘नेकपुरता’ मुद्दाम म्हणतोय. क्रमांक ज्या लाकडावर आहे त्याच्याबद्दलच बोलतो. चार स्क्रू काढले की नेक एका गिटारवरून दुसऱ्यावर जातो, नेक प्लेट तर त्याहून सहज जाते. म्हणून नेक, बॉडी आणि वायरिंग यांची साक्ष वेगवेगळी घ्यायची.

खुंटी_पिळा
एकदाच उघडायचं आहे तर हत्यारं आधीच गोळा करा: दोन क्रमांकाचा प्लस स्क्रूड्रायव्हर नेकसाठी, एक क्रमांकाचा पिकगार्डसाठी, व्हर्नियर कॅलिपर, इंचातली एक आणि मिलिमीटरमधल्या दोन-तीन ऍलन की, टॉर्च, छोटा आरसा, स्क्रू ठेवायला दोन वाट्या. मल्टिमीटर घरीच राहू द्या. पिकअपचे ६ किलोओम दोन्ही देशांत ६ किलोओमच भरतात.

आधी ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली वाक सांभाळणारी सळी. नट हेडस्टॉककडे आहे की नेकच्या टाचेकडे? अमेरिकन स्टँडर्डमध्ये हेडस्टॉककडे, १/८ इंचाची ऍलन की लागते. ही म्हणजे जवळपास ३.२ मिमी. ३ मिमीची की आत सैल फिरते, ४ मिमीची शिरतच नाही. फक्त बसवून बघा, फिरवू नका. सैल की जोर लावून फिरवली तर नटाची कड गोल होते आणि भुर्दंड तुमच्या गळ्यात. हेडस्टॉककडे भोक नसेल तर रॉड टाचेकडून फिरतो, तो नेक काढल्यावरच दिसेल. जुन्या धर्तीच्या जपानी नेकवर तिथे प्लस खाचेचा गोल नट असतो. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका: काही जपानी मॉडेलांतही रॉड हेडस्टॉककडून फिरतो, तिथे की मेट्रिक लागते.

मग तारा पूर्ण सैल करून काढा. ट्रेमोलो स्प्रिंगांमुळे मागे बसेल, त्याने काही बिघडत नाही. नेकच्या सांध्यावर रंगाचा किंवा लॅकरचा थर चिकटलेला दिसला तर आधी धारदार ब्लेडने कडेने हलकी रेघ मारा, नाहीतर नेक सुटताना बॉडीच्या कडेचा टवका उडतो. काळ्या रंगावर तो लांबूनही दिसतो. स्क्रू जपानी खाचेचे असतील तर साधा प्लस स्क्रूड्रायव्हर वर उसळतो. दाब खाली जास्त, पीळ कमी. चार स्क्रू प्लेटवरच्या जागेनुसार मांडून ठेवा.

नेक हातात आला की टाच आणि बॉडीतला खळगा या दोन्हींचे फोटो काढा. शिक्के, पेन्सिलीचे आकडे, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, जे असेल ते. ‘एसटी ६२-५५’ अशा धर्तीचं काही सापडलं तर वाद मिटला. तो जपानी कॅटलॉगचा कोड आहे: ६२ च्या धर्तीची स्ट्रॅट, आणि शेवटचा आकडा हजार येनमधली किंमत, म्हणजे ५५,००० येन. इतका प्रामाणिक मॉडेल क्रमांक दुसऱ्या कुणी दिल्याचं आठवत नाही.

पिकगार्ड सगळ्यात शेवटी. तो उलटताना आउटपुट जॅकची आणि अर्थिंगची वायर ताणू नका, जुना डाख चटकन सुटतो.

मधला_पिकअप
पिकगार्ड उलटला की पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागांच्या) पाठी वाचा. १३७ ने सुरू होणारा सात आकड्यांचा शिक्का म्हणजे सीटीएस कंपनीचा पॉट, ३०४ म्हणजे स्टॅकपोलचा. पुढचे दोन आकडे वर्ष, शेवटचे दोन आठवडा. १३७८४०५ म्हणजे सीटीएस, १९८४ चा पाचवा आठवडा. तिथून थेट वर्ष मिळेल.

डाखवाला
@मधला_पिकअप, वाचन बरोबर, निष्कर्षात थोडी दुरुस्ती. पॉटवरून ‘याच्या आधीची नाही’ एवढंच ठरतं. ती गिटार त्याच वर्षाची असं ठरत नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेऊन ठेवला होता की पुढची दोन-तीन वर्षं तेच पॉट बसवले जात होते. आणि पॉट ही गिटारमधली सगळ्यात आधी खरखरायला लागणारी, सगळ्यात आधी बदलली जाणारी वस्तू. तेव्हा आकड्याबरोबर डाखही बघा. कारखान्यातला डाख जुना झाल्यावर मंद करडा दिसतो आणि वायरींचं वळण तिन्ही पॉटवर सारखं असतं. एकाच पॉटवर डाख चकचकीत, भोवती पिवळट फ्लक्सचा चिकटा, वायरीच्या टोकाची प्लास्टिक वेष्टणं वितळून मागे सरलेली असली तर तो पॉट नंतरचा.

शिक्का नसला तर माप घ्या. सीटीएसच्या मोठ्या पॉटचा आटे असलेला गळा ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी. मेट्रिक पॉटचा ७ किंवा ८ मिमी. नॉब ओढून दांड्याचे दाते मोजा: अमेरिकन दोनफाकी दांड्याला बारीक २४ दाते, मेट्रिकला जाडसर १८. साडेनऊच्या भोकात ८ मिमीचा गळा डुगडुगत बसलेला दिसला तर पॉट तरी बदललाय नाहीतर पिकगार्ड तरी.

बॉडीचं लाकूड मागच्या स्प्रिंगांच्या खळग्यात बघा, तिथे रंग पातळ असतो किंवा नसतोच. ठसठशीत उघडी रेषा म्हणजे ऍश, फिकट तपकिरी आणि बंद रेषा म्हणजे ऑल्डर, जवळपास रेषाच नसलेलं मऊ मलईच्या रंगाचं लाकूड म्हणजे बासवुड. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच जपानी बॉड्या बासवुडच्या आहेत. वजन करून काही सिद्ध होत नाही.

घासलेली_फ्रेट
देशाचं नाव कुठेच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. त्या काळच्या जपानी फेंडरवर ‘मेड इन जपान’ असायचं, हेडस्टॉकवर किंवा नेकच्या मागे प्लेटच्या अगदी वर. अमेरिकन म्हणून खपवायची असली की पहिल्यांदा तेच घासलं जातं. टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरून तिरका प्रकाश टाका. भोवती चकाकी आणि मध्ये मंद आयताकृती चट्टा, किंवा बोट फिरवल्यावर लागणारा उथळ खळगा, दोन्हींचा अर्थ एकच. चट्ट्यावर नव्याने लॅकर मारलं असेल तर अतिनील टॉर्चखाली तो तुकडा आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो.

दुसरी शंका स्क्वायरची, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची. त्याच वर्षांत जपानमध्ये स्क्वायरही बनत होत्या, त्यांनाही ‘ई’ क्रमांक आहेत, आणि नाव खरवडून वर फेंडरचं डेकल (नावाचं स्टिकर) लावणं फारसं अवघड नाही. टाचेवरचा कोड ‘एसएसटी’ने सुरू झाला तर ती मुळात स्क्वायर. डेकलची कड हाताला लागते म्हणून लगेच बनावट म्हणू नका. पन्नास-साठच्या दशकांतल्या अस्सल फेंडरवरही डेकल लॅकरच्या वरच असायचं. नावाखाली जुन्या अक्षरांची सावली किंवा घासल्याच्या रेषा आहेत का, ते बघा.

सहावी_तार
उघडून झालं. जे दिसलं ते असं. २१ फ्रेट, ब्रिजला सहा स्क्रू. रॉड टाचेकडे, प्लस खाच. टाचेवर ‘एसटी ६२-५५’ स्पष्ट वाचता येतंय. प्लेटच्या वर नेकच्या मागे बोटाच्या पेराएवढा मंद चट्टा. हेडस्टॉकवर नावाखाली सावली नाही, घासल्याच्या रेषा नाहीत. बॉडीच्या खळग्यात शिक्का नाही, पण नेक घट्ट बसतो, कागदसुद्धा जात नाही, आणि स्क्रूंची भोकं एकदाच पाडलेली. लाकूड मलईच्या रंगाचं, रेषा जवळपास नाहीत. दोन पॉट लहान, शिक्क्याविना, गळा ८ मिमी. तिसरा, खालचा टोन पॉट मोठा, त्यावर १३७९०१२, पिकगार्डचं भोक तिथे कानशीने वाढवलेलं.

डाखवाला
नेक जपानी, यात आता शंका नाही, आणि नाव खरवडलेलं नसून कोड ‘एसटी’ असल्याने ती मुळातली फेंडरच, स्क्वायर नाही. बॉडी त्याच गिटारची असण्याची शक्यता दाट: भोकं एकदाच पाडलेली आहेत आणि लाकूडही जुळतंय. टोन पॉट १९९० च्या बाराव्या आठवड्यानंतर कधीतरी बदलला. पॉट बदलताना भोक वाढवावं लागलं, म्हणजे पिकगार्ड मूळचा मेट्रिकच. तेही बॉडीच्या बाजूने बोलतं.

ही नकली गिटार नाही, चांगली गिटार खोट्या पत्त्यावर विकली जातेय. सौदा जपानी ६२ धर्तीच्या दराने करा, घासलेल्या लेबलाची आणि बदललेल्या पॉटची वजावट धरून. मूळ पॉट आणि कॅपॅसिटर त्याच्याकडे पडून असले तर मागून घ्या. आणि १९८४ हेही पक्कं धरू नका, १९८४ ते १९८७ एवढंच म्हणा.

खुंटी_पिळा
जोडताना एक सांभाळा. नेकचा स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच सुलटा आवळा. थेट आवळला तर तो नवे आटे कापतो. चारही थोडे थोडे, कर्णाकर्णाने. जास्त पकडला तर तिथेच थांबा.